रिस्टोअर पॉइंटमध्ये दडलेला व्हायरस आणि आपल्या फाइली : अनुभव लिहावेत

परवा एका परिचितांचा जुना संगणक तपासताना अँटिव्हायरसच्या अहवालात ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हे फोल्डरचे नाव दिसले आणि २००८ सालचे आमचे घर आठवले. संगणकावर विंडोज एक्सपी होते. अँटिव्हायरस रोज त्याच एका फाइलीची तक्रार करी, तिचे नाव म्हणजे ‘ए’ आणि त्यापुढे सात आकडे, आणि ती काढता येत नसल्याची सूचनाही रोज तीच. फोल्डर उघडायला जावे तर ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. विंडोज बिघडल्यास पूर्वीच्या तारखेच्या स्थितीला परत नेता यावे म्हणून ‘सिस्टीम रिस्टोअर’ ही सुविधा ज्या प्रती काढून ठेवते, ते रिस्टोअर पॉइंट याच फोल्डरात असतात; ते पुसून टाका, असे जो तो सांगत होता. परंतु त्याच संगणकात आईने दोन वर्षे बसून टंकलेली आजोबांची दैनंदिनी होती, त्यामुळे ‘पुसणे’ हा शब्द निघाला की विषय तेथेच थांबे. अखेर पुसले, आणि दैनंदिनीचा एक कानामात्राही हलला नाही. एक्सपीचे रिस्टोअर पॉइंट रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), सिस्टीमच्या फाइली आणि प्रोग्रॅम यांच्या प्रती सांभाळतात. ‘माय डॉक्युमेंट्स’मधील लेखन आणि छायाचित्रे त्यांत नसतातच. तरीही प्रत्येकाचा प्रसंग इतका सोपा नसतो, हे ठाऊक आहे. आपण नेमके काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि काही गमावले का, ते सविस्तर लिहावे.

सांगली, डीटीपी व्यवसाय

क्रमाविषयी विचारले आहे म्हणून लिहितो, कारण माझे नुकसान क्रमामुळेच झाले. लग्नपत्रिकांच्या हंगामात गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लावावे लागत आणि त्यांतल्या ‘ऑटोरन’ (ड्राइव्ह उघडताच प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या) फाइलीवाटे व्हायरस येत. एकदा अँटिव्हायरसने तीस-चाळीस फाइली दाखवल्या, त्यांतील निम्म्या रिस्टोअर पॉइंटमधील. मी आधी सिस्टीम रिस्टोअर बंद केले, म्हणजे सगळे पॉइंट एका क्षणात गेले, आणि मग अँटिव्हायरसला उरलेले सर्व काढण्याची मोकळीक दिली. त्याने बाधित झालेल्या सिस्टीमच्या फाइलीही काढल्या. दुसऱ्या दिवशी संगणक केवळ सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढ्याच फाइलींवर, सुरू होऊ लागला. एरवी सिस्टीम रिस्टोअरच्या खिडकीत कॅलेंडर उघडे आणि परत जाता येण्याजोग्या तारखा ठळक दिसत. त्या दिवशी मात्र ही सुविधा बंद असल्याचा निरोप तेवढा आला.

रिस्टोअर पॉइंटमधला व्हायरस निपचित पडलेला असतो आणि आपण त्या पॉइंटवर परत गेलो तरच तो उठतो, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. चालू विंडोजमधला व्हायरस आधी काढायचा, संगणक दोन-चार दिवस नीट चालतो याची खात्री करायची आणि त्यानंतरच जुने पॉइंट पुसायचे, असे मी आता करतो. बाधित पॉइंट हासुद्धा अडचणीच्या वेळी पॉइंटच असतो; संगणक निदान सुरू तरी होतो.

फाइली वाचल्या, त्या अशा. हार्ड डिस्क काढून तिचा जंपर (डिस्कमागच्या पिनांवरची छोटी टोपी) ‘स्लेव्ह’वर, म्हणजे दुय्यम डिस्क म्हणून, लावला, ती मित्राच्या संगणकाला जोडली आणि ड्राइव्हवर डबल क्लिक न करता पत्त्याच्या पट्टीत ड्राइव्हचे अक्षर टंकून उघडली, म्हणजे ऑटोरन जागे होत नाही. पत्रिकांच्या फाइली आणि फोटो तेवढे घेतले, ‘ईएक्सई’, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, एकही घेतली नाही. पानमांडणीचे पेजमेकर आणि मराठी टंकांचे श्रीलिपी पुन्हा टाकण्यात दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस ऐन वैशाखातले होते.

रत्नागिरी, शाळेतील संगणक शिक्षिका

आमच्या प्रयोगशाळेत सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले, तरी तासाभरात तीच सूचना पुन्हा आली. एक्सपी सिस्टीम रिस्टोअर सगळ्या ड्राइव्हवर लक्ष ठेवते, त्यामुळे डी ड्राइव्हवरही तेच लपलेले फोल्डर असते, हे तेव्हा कळले. पण दोष त्या फोल्डरमधल्या प्रतींचा नव्हता. डी ड्राइव्हच्या मुळाशी ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ शिल्लक होती आणि मुले ड्राइव्हवर डबल क्लिक करत होती. अहवालात दिसणाऱ्या पॉइंटवर आम्ही आठवडाभर संताप काढला आणि खरा चोर उघड्या अंगणात बसला होता. मुलांच्या फाइली ‘नाहीशा’ झाल्या होत्या, त्याही केवळ लपवलेल्या होत्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अ‍ॅट्रिब’ आज्ञेने लपवल्याच्या आणि सिस्टीमच्या खुणा काढताच त्या जशाच्या तशा दिसू लागल्या.

नाशिक, संशोधक

‘वैयक्तिक फाइलींना धक्का लागत नाही’ हे वाक्य मी विंडोज ७ च्या बाबतीत जपून म्हणेन. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून रिस्टोअर पॉइंटच्या घडणीत बदल झाला आणि ते संपूर्ण ड्राइव्हच्या शॅडो कॉपीवर, म्हणजे त्या क्षणीच्या छायाप्रतीवर, आधारले गेले. त्यामुळे एखाद्या फाइलीवर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये गेले की तिची आठवड्यापूर्वीची आवृत्तीही मिळू शकते. मी व्हायरसच्या धास्तीने सगळे पॉइंट पुसले. फाइली जागेवर राहिल्या, परंतु त्याच पंधरवड्यात मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर चुकून चौथ्याचा मसुदा सेव्ह केला होता, आणि ते माझ्या लक्षात आले पॉइंट पुसल्यानंतर दोन दिवसांनी. प्रकरण हस्तलिखित टिपणांवरून पुन्हा लिहिले. पुसण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढावी हे सर्वांना ठाऊक असते. जुन्या आवृत्त्याही एकदा चाळून घ्याव्यात, एवढी भर मी घालते.

ठाणे, निवृत्त

पॉइंटच्या बाबतीत मी काहीच केले नाही. चालू व्हायरस काढला, पॉइंट तसेच ठेवले आणि कोणत्याही जुन्या तारखेवर गेलो नाही. एक्सपीमध्ये ९० दिवस उलटलेले पॉइंट आपोआप जातात; तसे ते गेले आणि तक्रारही थांबली.

पुणे, संगणक दुरुस्ती

हल्ली दुकानात उलटे दृश्य दिसते. ‘व्हायरस काढा, पण रिस्टोअर पॉइंटवरून माझ्या फाइली परत आणा,’ असे सांगत लोक रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) कुलूपबंद केलेला संगणक घेऊन येतात, आणि पाहावे तर पॉइंट एकही नसतो. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने शॅडो कॉपी पुसल्या होत्या आणि इतरही अनेक रॅन्समवेअर प्रथम तेच करतात. त्याही आधी, २००८ अखेरीस पसरू लागलेला ‘कॉन्फिकर’ रिस्टोअर पॉइंट उडवत असे. जे आपल्या आधी चोराच्या हाती लागते, त्याला बॅकअप म्हणू नये, असे मी गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो. काहींना ते आवडत नाही.

विंडोज १० मध्ये अहवालात ‘हार्डडिस्क व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ असा मार्ग दिसला, तर ती प्रत केवळ वाचण्यापुरती असते, अँटिव्हायरस तिच्यात हात घालू शकत नाही. मग पूर्ण पॉइंटच काढावा लागतो. डिस्क क्लीनअपमधील ‘मोअर ऑप्शन्स’मधून सर्वांत अलीकडचा पॉइंट ठेवून बाकीचे जातात, म्हणून मी आधी संगणक स्वच्छ करतो, नवा पॉइंट करतो आणि मग ती कळ दाबतो.

दुबई, मूळ कोल्हापूर

बाबांच्या एक्सपीची सफाई मी फोनवरून करवून घेतली होती. ‘टर्न ऑफ सिस्टीम रिस्टोअर’ या चौकोनात खूण केली की सुविधा बंद होते, ही रचनाच उफराटी आहे. बाबा खूण करायला तयार होईनात. “अरे, खूण केली म्हणजे चालू, बँकेच्या फॉर्मवर असंच असतं,” असे ते ठामपणे म्हणाले. कशीबशी खूण झाली, तर सर्व पॉइंट पुसले जातील असा इशारा आला आणि पलीकडे शांतता पसरली. “नातवाचे बारशाचे फोटो?” एवढेच त्यांनी विचारले. मी त्यांना आधी फोटोंचा फोल्डर उघडायला लावला, फोटोंची संख्या कागदावर लिहायला सांगितली आणि मगच ‘येस’ दाबायला लावले. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा फोटो मोजले. ते तितकेच भरले, तेव्हा खूण काढून नवा पॉइंट करायला सांगितला. त्या पॉइंटला नाव द्यावे लागते. बाबांनी इंग्रजी अक्षरांत टंकले, ‘अभ्यंगस्नान’.