यूच्या झाडासमोर बसून बघा

इंग्लंडमध्ये पक्ष्यांचे फोटो काढणारे कुणी म्हणतात, "चर्चच्या आवारात रॉबिनशिवाय (तो केशरी छातीचा छोटा पक्षी) काही मिळत नाही". हे काही पटलं नाही. इंग्लंडमधल्या गावांच्या जुन्या चर्चपाशी बऱ्याचदा यू नावाचं सदाहरित झाड असतं. त्यातलं मादी झाड शोधा, कारण फळं तिलाच येतात. शरदात ती लाल झाली की समोर नुसतं बसून राहायचं. मिसल थ्रश हा ठिपकेदार छातीचा पक्षी येतो, आणि एकदा आला की झाड बापजाद्यांचं असल्यासारखा बाकीच्यांना हुसकावत बसतो. फोटो खरे त्या भांडणांचे! फळाचा गर तेवढा बिनविषारी, बी जहरी. पण पक्षी ती न फोडता गिळतो आणि तशीच बाहेर टाकतो. (आपण चव बघायला जाऊ नये.)

यूची सावली काळीकुट्ट असते. कॅमेरा फसतो आणि उन्हातला पक्षी पांढराफटक येतो. मी एक्सपोजर एक स्टॉप खाली ठेवतो, म्हणजे प्रकाश निम्माच घेतो.

रॉबिनलाही नावं ठेवू नका. थडग्याच्या दगडावरचं पिवळं-करडं दगडफूल आणि त्यावर तो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. एवढं जमलं तरी सकाळ वसूल.

घंटाघरात गव्हाणी घुबडाचं घरटं असेल तर मात्र लांबच राहा. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्यापाशी त्याला मुद्दाम त्रास देणं तिथे गुन्हा आहे. आणि कुणी थडग्यापाशी फुलं घेऊन उभं असेल तर लेन्स खाली. हे सांगावं लागू नये, पण मी उलटं वागणारे पाहिलेत.