स्पिती: जाऊन आलेल्यांनी कामाचं लिहा

सह्यवेडा:
टाबोच्या भित्तिचित्रांचा फोटो समोर आला आणि हिमाचलमधली स्पिती पुन्हा डोक्यात शिरली. टाबोचा गोम्पा (बौद्ध मठ) इ.स. 996 चा, मातीचा. मुख्य दालनात काळोख, फोटोला बंदी. छोटा टॉर्च न्या, पण तो सरळ चित्रांवर रोखू नका. डोळे सरावले की भिंतीला लागून बसवलेल्या मातीच्या मूर्ती एकेक दिसू लागतात. तुम्हीही लिहा.

डोंगरकाका:
पहिल्यांदा मनालीकडून नको!! शिमला, कल्पा, नाको, टाबो, मग काझा. कल्पा 2,900 मीटरच्या आसपास, नाको 3,600, काझा 3,700. उंची टप्प्याटप्प्याने अंगवळणी पडते. मनालीहून एका दिवसात 4,500 च्या वरचा कुंझुम घाट ओलांडून आलेले रात्री काझात डोकं धरून बसतात. कुंझुम परतीला ठेवा. हिवाळ्यात तो बंदच.

भडंगप्रेमी:
उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी घ्यावी का?

ढगातली:
डॉक्टरांना विचारून. सहसा 125 मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, घाबरू नका. मात्र चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर गोळ्या वाढवत बसू नका, लगेच खाली उतरा.

डोंगरकाका:
+१. आणि पहिल्या रात्री दारू नको, मंडळी ऐकत नाहीत.

गिअरबॉक्स:
मनाली-काझा रस्त्यावरच्या छत्रू-बातल पट्ट्यातले नाले सकाळी लवकर ओलांडा. ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं, तळाचे दगड दिसत नाहीत आणि गाडीचं पोट आपटतं. मनाली ते काझा मधे पंप नाही, टाकी फुल्ल करूनच निघा. रोख पैसे ठेवा, काझाच्या एटीएमचा भरवसा नाही.

भडंगप्रेमी:
भडंग नेलं तर चालेल ना? 😄

ढगातली:
चालेल की, वर हवेचा दाब कमी म्हणून पाकीट फुग्यासारखं फुगेल तेवढंच. शाम्पूची बाटली उलटी ठेवू नका, उघडताच फसकन बाहेर येतो. काझात पाणी 90 अंशांच्या आतच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. होमस्टेत जेवणाचं दुपारीच सांगून ठेवा.

गिअरबॉक्स:
भडंग सांगलीचं का जयसिंगपूरचं?

भडंगप्रेमी:
जयसिंगपूरचं. हा काय प्रश्न झाला?