अमेरिकेत टेन्युअरचे नियम बदलतायत, ताईने विरोधाच्या पत्रावर सही करावी का?

कोथरूडचा_धाकटा

माझी ताई अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत असिस्टंट प्रोफेसर आहे, पाचवं वर्ष चालू, पुढच्या वर्षी तिची टेन्युअरची, म्हणजे पर्मनंट होण्याची, फाइल जाणार. आता तिथल्या बोर्डाने नवीन मसुदा काढलाय की टेन्युअर मिळाल्यावर पण दर पाच वर्षांनी रिव्ह्यू होणार, लागोपाठ दोनदा खराब निघाला तर काढता येईल, आणि एखादा विषयच बंद केला तर त्यातले पर्मनंट लोकसुद्धा घरी. तिथली फॅकल्टी जाम भडकलीय, विरोधाचं पत्र फिरतंय आणि ते हिच्याकडेही आलंय.

रविवारी व्हिडिओ कॉलवर हे निघालं तर बाबा (बँकेतून रिटायर) म्हणाले, "काम करणाऱ्याला रिव्ह्यूची कसली भीती? आमचा दरवर्षी सीआर, गोपनीय अहवाल, लिहायचे." ताईने काही न बोलता कॉल कट केला. मग इथे अर्धा तास बाबा विरुद्ध मी, शेवटी आईने पोहे गार झाले म्हणून दोघांनाही झापलं.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. बाबांचं चुकतंय ते नेमकं कुठे, आणि ताईने सही करावी का?

मॅडिसन_रिटर्न

मी २०१३ ते २०१९ विस्कॉन्सिनला होतो, पीएचडीला, आता बाणेरला असतो. हे सगळं डोळ्यासमोर झालंय माझ्या. तिथे टेन्युअर चक्क राज्याच्या कायद्यात लिहिलेलं होतं. २०१५ ला गव्हर्नर स्कॉट वॉकरच्या काळात बजेटच्या बिलातून ते कायद्यातनं काढलं आणि रीजंट्सच्या हातात दिलं, रीजंट्स म्हणजे तिथलं बोर्ड, बहुतेक सगळे गव्हर्नरनेच नेमलेले. वर एखादा प्रोग्राम बंद केला किंवा नुसता बदलला तरी पर्मनंट माणसाला काढता येईल अशी सोय. २०१६ च्या मे मध्ये मॅडिसनच्या, म्हणजे आमच्या कॅम्पसच्या, फॅकल्टीने रीजंट्सवर अविश्वासाचा ठराव केला. ठराव झाला, टाळ्या झाल्या, पुढे काही नाही.

लगेच कोणाला काढलं का, तर नाही. पण आमच्या कॉरिडॉरमधल्या दारांवरच्या पाट्या बदलायला लागल्या. ज्यांना बाहेरून ऑफर येऊ शकते ते, म्हणजे चांगलेच लोक, आधी निघतात ना. उरलेल्यांना थांबवायला युनिव्हर्सिटीला जास्तीचे पैसे मोजावे लागले. २०१८ मध्ये तिथल्याच स्टीव्हन्स पॉइंट कॅम्पसने १३ मेजर, म्हणजे पदवीचे मुख्य विषय, बंद करायचा प्लॅन आणला, त्यात इतिहास पण होता. वर्षभर बोंबाबोंब झाली, २०१९ मध्ये प्लॅन मागे घेतला, पण त्या वर्षात तिथल्या माणसांची झोप उडाली ती उडालीच.

तुमच्या ताईंचा मसुदा जॉर्जियाच्या जवळचा वाटतोय. तिथे २०२१ ला असंच केलं, लागोपाठ दोन रिव्ह्यूत नापास तर काढता येणार आणि सहकाऱ्यांसमोर सुनावणी व्हायची ती पण गाळली. प्रोफेसरांच्या देशव्यापी संघटनेने, एएयूपीने, २०२२ मध्ये त्यांच्यावर निषेधाचा ठपका ठेवला. तिथल्या अकॅडमिक लोकांत हा डाग मोठा मानतात, बोर्डाला किती फरक पडला ते सोडा.

सहीचं म्हणाल तर माझ्या मते करू नये. एच१बी व्हिसा असेल तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरा जॉब शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. ज्यांच्याकडे टेन्युअर आहे त्यांनी पुढे व्हावं, त्यासाठीच असतं ना ते.

हडपसर_एक्सप्रेस

आयटीत आम्हाला सकाळी मेल येतो आणि दुपारी लॅपटॉप जमा. प्रोफेसरांचेच एवढे लाड का? रिव्ह्यू द्या की गुपचूप.

खडू_फळा

हडपसर, तुमचा राग समजतो. मी इथल्याच एका कॉलेजात ३१ वर्षं शिकवलं. पर्मनंट झाल्यावर झोपलेले लोक मी पाहिलेत, आमच्या स्टाफरूममध्ये एकजण १९८८ च्या नोट्स घेऊन वर्गात जायचे, कडा इतक्या पिवळ्या की हात लावला तर तुकडे पडायचे, आणि शेवटची ओळ संपली की बेल वाजली नसली तरी तास संपला. त्यांचा रिव्ह्यू व्हायलाच हवा होता, माझा आक्षेप नाही.

पण धाकट्या, बाबांना एक विचार. त्यांचा सीआर कोण लिहायचं? बँकिंग कळणारा मॅनेजरच ना? समजा लोन नाकारलेल्या आमदाराने लिहिला असता तर? भांडण रिव्ह्यूवरून नाहीच्चे, तो कोण करणार आणि शेवटचा शब्द कोणाचा यावरून आहे. टेन्युअर आलं तेच मुळी यातून. १९०० साली स्टॅनफर्डमधून एडवर्ड रॉस नावाच्या अर्थशास्त्राच्या प्रोफेसराला जावं लागलं, कारण त्याची मतं जेन स्टॅनफर्ड बाईंना खपेनात. बाईंचे यजमान रेल्वेवाले, पैसा त्यांचा, युनिव्हर्सिटी त्यांची. (हा रॉस काही संत नव्हता, चिनी मजुरांबद्दल भयंकर बोलायचा. पण काढायचं तर सहकाऱ्यांनी तपासून काढा, मालकिणीची मर्जी गेली म्हणून नको.) त्याच्या निषेधार्थ आर्थर लव्हजॉय यांनी राजीनामा दिला आणि १९१५ मध्ये एएयूपी उभी करण्यात हेच लव्हजॉय पुढे होते. १९४० मध्ये एएयूपीचं निवेदन आलं, उमेदवारी (प्रोबेशन) फार तर सात वर्षं, त्यानंतर सबळ कारणाशिवाय काढायचं नाही.

आणि हे जुनं म्हणून सोडू नका. टेक्सासमध्ये २०२२ ला ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीतल्या फॅकल्टी कौन्सिलने ठराव केला की वंशभेदाबद्दल वर्गात काय शिकवायचं ते आम्ही ठरवू. त्यावर तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरने जाहीर केलं की नवीन भरतीला टेन्युअरच बंद करू. २०२३ मध्ये राज्याच्या सिनेटने (वरच्या सभागृहाने) तसं बिल पास पण केलं, मग खालच्या सभागृहात ते सौम्य झालं आणि टेन्युअर वाचलं. म्हणजे राग कशाचा होता बघा, आळशी मास्तरांचा नव्हता.

तासिकावाला

सर बरोबर बोललात, पण टेन्युअर नसलं की काय होतं ते बघायला अमेरिकेत कशाला जायचं, मी बसलोय की इथे. सेट (प्राध्यापकाची पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडी झालीय, आठवं वर्ष सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने. कॉलेजचं नाव घेत नाही. जूनमध्ये शिकवायला लागायचं, ऑर्डर हातात पडते ऑगस्टमध्ये, एप्रिलमध्ये संपली की पुन्हा इंटरव्ह्यू, तीच फाइल तीच झेरॉक्स, समोर तेच लोक आणि "स्वतःबद्दल सांगा".

मागच्या वर्षी इंटर्नलला एका पोराला २० पैकी ६ दिले. असाइनमेंट दुसऱ्याची होती, वरचं नाव खोडायचे पण कष्ट घेतले नव्हते, व्हाइटनर लावलेला. दोन दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, आणि मार्कशीट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "जरा बघा परत, आणि हो, पुढच्या वर्षीचा वर्कलोड काढतोय, तुमचे तास धरू ना?" धमकी नाही, आवाज चढवला नाही, काही नाही. मी ६ चे १४ केले. तो चहा अजून आठवतो, साखर जास्त होती. शेजारच्या केबिनमधल्या पर्मनंट मॅडमकडे तोच मुलगा गेला होता, त्यांनी हाकलून दिलं.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षक १० टक्क्यांवर नकोत असं होतं, जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ती मर्यादाच गायब. आणि १० टक्के तरी कुठे पाळत होते, आमच्या डिपार्टमेंटला पाचात तीन आम्हीच.

ताईंनी सही करू नये. मी पण केली नसती.

हडपसर_एक्सप्रेस

तासिकावाले दादा, सॉरी. मला वाटलं होतं सगळे प्रोफेसर दीड-दोन लाखवाले.

खडू_फळा

तासिकावाले, त्या पर्मनंट मॅडमनी तुमच्या बाजूने शब्द टाकला का? आमची पिढी इथेच कमी पडली. पगाराच्या थकबाकीसाठी २०१३ ला परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आम्ही, पण सीएचबीवाल्यांसाठी मी स्वतः कधी प्राचार्यांच्या केबिनची पायरी चढलो नाही.

तासिकावाला

नाही सर. डबा शेअर करतो आम्ही रोज, पण तो विषय नाही निघत.

कोथरूडचा_धाकटा

अपडेट देतो. ताईशी बोललो. तिच्या डिपार्टमेंटच्या हेडनेच तिला बोलावून सांगितलं की तू आणि बाकीच्या ज्युनिअर लोकांनी सही करू नका, आम्ही टेन्युअरवाले सगळे करतोय. तिला बरं पण वाटलं आणि लाज पण वाटली म्हणे. तिने सही केली नाही, पण पत्रातले आकडे आणि तक्ते तिनेच रात्री बसून करून दिलेत, ते कोणाला सांगू नको म्हणाली, तर मी इथे टाकतोय, असो.

बाबांना हा धागा वाचून दाखवला. लोनवाल्या आमदाराच्या वाक्याला हसले, मग म्हणाले असा एक होता खरा, १९९४ मध्ये, माझी बदली त्यानेच करवली होती. आम्हाला घरात कोणालाच हे माहीत नव्हतं, आईलासुद्धा.

तासिकावाले सर, बाबा विचारतायत तुमचं मागचं मानधन जमा झालं का.

तासिकावाला

डिसेंबरपर्यंतचं आलंय. काकांना नमस्कार सांगा.