सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ, डोळे लगेच तपासायचे का?

प्रश्न (चोपडा): भाचीला ३१ आठवड्यांतच मुलगी झाली, वजन १३०० ग्रॅम, जळगावला पेटीत ठेवलेली, ऑक्सिजनपण लागला. आता सुट्टी देताना कार्डावर आरओपी (लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार) तपासणी लिहून दिलीय, पण घरचे म्हणतात सव्वा महिना होईस्तोवर बाहेर काढायचं नाही, बाळ दिव्याकडे बघतंय की चांगलं. थांबलं तर चालेल का?

उत्तर १: नका थांबू ताई! डोळा वरून चांगलाच दिसतो, बिघाड आत पडद्यावर असतो. तिथल्या रक्तवाहिन्या नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात, बाळ लवकर आलं की त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो, मग नजर परत येणं फार अवघड. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असलं की ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी व्हायलाच पाहिजे.

उत्तर २ (धुळे): दादा बरोबर बोलले. आमच्या पोराचं केलंय, थेंब टाकून बाहुली मोठी करतात, क्लिपने पापण्या उघड्या धरतात, लेकरू रडतं, बघवत नाही, पण पटकन होतं. पहिली नॉर्मल आली तरी पुढची तारीख चुकवू नका. लेझर सांगितला तर दोन-तीन दिवसांतच करा. सिव्हिलला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं विचारा, त्यात हा आजार येतो.

प्रश्नकर्ती: घरच्यांना हे वाचून दाखवलं, उद्या सकाळच्या गाडीने निघतोय.