अ‍ॅम्बॅसिडर की फियाट? खानदेशातल्या रस्त्यांवरचे अनुभव

उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसिडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, जिला आपल्याकडे शेवटपर्यंत फियाटच म्हटले गेले, या दोन्ही गाड्या ज्यांनी धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांत वापरल्या आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. कोणती दिसायला देखणी होती, हा विषय नाही. ऊन, घाट आणि ओझे यांत कोणती कामास आली, तेवढे सांगावे.

रावेर, केळी बागायतदार:
आमच्याकडे अ‍ॅम्बॅसिडर होती आणि शेजारच्या आप्पांकडे फियाट. विहिरीवरची मोटर जळाली की ती पोत्यात गुंडाळून आमच्याच डिक्कीत घालायची आणि रिवाइंडिंगला न्यायची, मग मोटर कोणाचीही असो. पावसाळ्यानंतर काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या पडत. तेथे आमची १५ इंची चाके निघून जात, तर १४ इंची चाकांची फियाट आप्पा डांबरी सडकेवरच उभी करून बांधावरून चालत येत.

धुळे, निवृत्त प्राध्यापक:
अ‍ॅम्बॅसिडर दणकट म्हणून ताकदवान, असा समज सर्वत्र आढळतो, पण आकडे तसे सांगत नाहीत. जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडरचे इंजिन १४८९ सीसीचे आणि सुमारे ५० अश्वशक्तीचे, पद्मिनीचे १०८९ सीसीचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे. परंतु पद्मिनीचे वजन ९०० किलोच्या आत होते आणि अ‍ॅम्बॅसिडर ११०० किलोच्या पुढे जात होती. किलोमागे ताकद पाहिली, तर दोघी जवळजवळ सारख्याच ठरतात. मी पद्मिनी चालवली. लळिंगचा चढ ती कुरकुर न करता चढत असे आणि पेट्रोलही कमी पीत असे, हे मास्तरच्या पगारात फार महत्त्वाचे होते.

चाळीसगाव, मेकॅनिक:
एप्रिल-मे महिन्यांत कन्नडच्या घाटात दोन्ही गाड्या सारख्याच उभ्या राहत. चढावर वेग कमी, रेडिएटरला वारा नाही आणि बाहेर ४३-४४ अंश. अशा वेळी इंजिनाला चिकटून बसवलेल्या पंपातच पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटरला पेट्रोल पोहोचत नाही आणि गाडी गचके देत बंद पडते. त्यावर उपाय एकच: बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके ठेवायचे, ते वाळले की पुन्हा भिजवायचे आणि पंप हाताला सोसवेल इतका निवल्यावरच स्टार्टर मारायचा. अनेक जण घाईने पाणी थेट रेडिएटरमध्ये ओतायला जात आणि झाकण उघडताच हात भाजून घेत.

नंदुरबार:
आमची डिझेल अ‍ॅम्बॅसिडर होती, ३७ अश्वशक्तीची. कोंडाईबारी घाटात मागचे ट्रक हॉर्न देत. परंतु डिझेलचा खर्च पाहता भाड्याच्या धंद्याला तीच परवडत होती.

भुसावळ, गृहिणी:
मी गाडी शिकले ती फियाटवरच. अ‍ॅम्बॅसिडरचे स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवायचे म्हणजे खांद्यातून जोर लावावा लागे, आणि बाजारातल्या अरुंद गल्लीत ती मागे घेताना तर घरातले पुरुषही घामाघूम होत. फियाट त्या मानाने हलकी होती. स्टिअरिंगवरचा गिअरदांडा मात्र दोन्हींत सारखाच हट्टी. दुसऱ्या गिअरची जागा हाताला सापडेपर्यंत बरेच दिवस जात.

रावेर, पुन्हा:
प्राध्यापक सरांचे गणित रिकाम्या गाडीचे आहे. लग्नसराईत आमच्या गाडीत पुढे तीन, मागे चार आणि मांडीवर पोरे असत, म्हणजे सामानासह ४०० किलो सहज भरत. तेवढे वजन दोन्ही गाड्यांत मिळवून सरांनी तोच भागाकार करावा: अ‍ॅम्बॅसिडर पुढे निघते. खानदेशात गाडी रिकामी धावल्याचे मला तरी आठवत नाही.

धुळे, निवृत्त प्राध्यापक:
भागाकार मान्य आहे. मात्र माझ्या गाडीत मी, सौभाग्यवती आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एवढेच असत, तेव्हा माझ्यापुरते उत्तर फियाटच राहील.