कादंबरी नक्की कोणासाठी छापतो आपण?

रजिस्टरवाली
नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयात मी आठवड्यातून चार संध्याकाळी काउंटरवर बसते. परवा बाइंडिंगला टाकायची पुस्तकं वेगळी काढता काढता एक उद्योग केला. २०१५ नंतर घेतलेल्या मराठी कादंबऱ्यांचं आमच्याकडे एक अख्खं कपाट आहे, १८६ पुस्तकं. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी पाहत गेले. ७१ चिठ्ठ्या कोऱ्या. एकही शिक्का नाही. दोन पुस्तकांची वरची पानं कापायची राहून गेलेली, तशीच जोडलेली होती. म्हणजे दहा वर्षांत ती कोणी उघडलीसुद्धा नाहीत. मीही नाही, हे कबूल करते.

ही पुस्तकं आली कशी? अनुदानाचा ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च झालेला दाखवावा लागतो. मार्चच्या तोंडावर विक्रेता शासनमान्य यादी आणि गठ्ठे घेऊन येतो. ज्यावर सवलत जास्त ते आम्ही घेतो. दाखलखारीज वहीत नोंद, शिक्का, कपाट, संपलं.

माझं मत सरळ आहे. मराठीत नवी कादंबरी वाचकासाठी छापलीच जात नाही. लेखकाची हौस आणि वाचनालयाचं अनुदान या दोन खुंट्यांवर ती टांगलेली आहे. पाच वर्षं एकही नवी कादंबरी छापू नका, आमच्या ६४० सभासदांपैकी पाच जणांच्याही लक्षात येणार नाही. बोला.

कूलरसमोर
काहून एवढ्या तापून राहिल्या ताई, अजून मे लागला नाही.
पण एक सांगा, त्या ७१ मध्ये मुखपृष्ठावर सूर्यास्त आन् पाठमोरी बाई असलेली किती होती?

रजिस्टरवाली
मोजलं नाही. बरीच.

निळी पिशवी
रजिस्टर पाहून लोक वाचत नाहीत असं ठरवणार असाल, तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर या. मी सात वर्षं तिथे एका स्टॉलवर बसतो. दोन दिवस आधीपासून माणसं येतात, रेल्वेत उभ्याने आलेली, डोक्यावर बोचकं, काखेत पोर. परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात. दोन वर्षांपूर्वी यवतमाळकडची एक मावशी आली. पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढली, चार घड्या घातलेली. म्हणाली, "मले वाचता नाही येत. पोरगी आठवीत हाय, तिनं वाचून दाखवलं पायजे असं दे." मी तीन पुस्तकं काढून दिली. तिने प्रत्येकाचं पान उघडून अक्षर बोटाने मापलं. बारीक अक्षराचं एक परत केलं आणि दोन घेतली. भाव केला नाही.
माझ्या समजुतीप्रमाणे विदर्भात पुस्तकांची याहून मोठी बाजारपेठ नाही. आणि मराठी साहित्याच्या चर्चेत तिचं नाव शेवटी येतं, आलं तर.

रजिस्टरवाली
दादा, मी लोक वाचत नाहीत असं म्हटलंच नाही. कादंबरी म्हटलं. तुमच्या स्टॉलवर कादंबरी किती जाते ते सांगा.

निळी पिशवी
कमी. बाबासाहेबांचे खंड, भाषणं, छोट्या पुस्तिका, मग आत्मकथनं. कादंबरी त्यानंतर.

रजिस्टरवाली
झालं तर मग.

निळी पिशवी
झालं काय? त्या मावशीला तिच्या घरात लागणारं पुस्तक हवं होतं. तिच्या पोरीचं जग ज्यात आहे अशी आठवीच्या पोरीला झेपेल अशी कादंबरी तुमच्या त्या कपाटात दाखवा, मी स्टॉलच्या पुढच्या रांगेत मांडतो. नसेल तर चूक मावशीची आहे का?

दोनशेवीस प्रती
वाचनालयाच्या कपाटातल्या कोऱ्या चिठ्ठीमागे एक माणूस असतो, तो मी.
कादंबरी लिहायला मला सहा वर्षं लागली. उमरेडच्या कोळसा खाणीत माझे वडील होते, त्या वसाहतीवर आहे. तीन प्रकाशकांकडे पाठवली. एकाने चौदा महिन्यांनी "सध्या कथनात्म साहित्य घेत नाही" असं कळवलं. दुसऱ्याने कळवलंच नाही. तिसऱ्याने ३०० प्रतींचे ५५ हजार मागितले. करारात 'सहकार्य निधी' असा शब्द होता. दिले. वितरण ते करतील म्हणाले. ते वितरण म्हणजे एके दिवशी टेम्पोतून माझ्याच दारात उतरलेले नऊ खोके. ऐंशी प्रती गेल्या, काही वाटल्या, काही विकल्या. २२० दिवाणात आहेत. पाहुणे आले की गादीखालून आधी ती काढायची, मग चादरी.
ताई, तुम्ही हौस म्हणालात. लागलं. पण खोटंही म्हणवत नाही.

छपाईवाला
मी त्या बाजूचा आहे, म्हणून शिव्या खायच्या तयारीनेच लिहितो. लहान प्रकाशक, वर्षाला दहा-बारा पुस्तकं.
दोनशे पानांची कादंबरी, किंमत ३०० ठेवली. विक्रेता चाळीस टक्के मागतो, वाचनालयाचा पुरवठादार त्याहून जास्त. दहा टक्के लेखकाचे, निदान कागदावर तरी. उरलेल्या दीडशेत टाइपसेटिंग, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, बांधणी, गोदाम. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून सगळे खूश असतात. कागदावर मात्र आहे, २०२५ च्या सप्टेंबरात बारावरून अठरा टक्के झाला, आणि पुस्तकच करमुक्त असल्यामुळे तो कर आम्हाला परत मिळत नाही. आणखी एक, ज्याची बातमी नीट झालीच नाही: टपाल खात्याची रजिस्टर्ड बुकपोस्टाची, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. गडचिरोलीच्या एका शिक्षकाला दोन पुस्तकं पाठवायची तर त्यानंतर कुरिअरचा खर्च एका पुस्तकाच्या किमतीशी स्पर्धा करायला लागला. त्याने मागवणंच सोडलं.
आधी पहिली आवृत्ती हजाराची असायची. आता तीनशेची, काही वेळा शंभराची, लागेल तशी. पैसे घेऊन कादंबरी छापणं मला आवडत नाही. स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शकावर माझ्या घराचा हप्ता जातो आणि कवितासंग्रहांवर कार्यालयाचं भाडं. कादंबरीवर काहीच जात नाही.

कूलरसमोर
कवितासंग्रहावर भाडं निघते? कोण भरते, कवी?

छपाईवाला
उत्तर तुम्हाला माहीत आहे.

अर्धवट इंजिनियर
सगळे काका-काकू दिसतात इथे, म्हणून एक वेगळा आवाज. वय २३, हिंगण्याच्या कॉलेजातून कसाबसा बाहेर पडलो. मी मराठी कादंबरी वाचतो, रोज. मेट्रोत, खापरी ते बर्डी (सीताबर्डी). प्रतिलिपी अ‍ॅपवर, भाग-भाग करून. शुद्धलेखन भयंकर, नायक कायम उद्योगपती, पण रात्री साडेअकराला पुढचा भाग येणार म्हणून जागा राहतो. खाली शेकडो प्रतिक्रिया असतात, बहुतेक बायकांच्या, आणि त्या लेखिकेला सरळ सांगतात की सासूला इतकी वाईट दाखवू नको. लेखिका पुढच्या भागात सासूला बरी करते. माझी आई स्टोरीटेल अ‍ॅपवर पुस्तकं ऐकत पोळ्या लाटते. आम्ही दोघंही कोणाच्या रजिस्टरमध्ये नाही.
आणि २०२५ च्या सप्टेंबरातलं विसरू नका. रायपूरला हिंदी लेखक विनोद कुमार शुक्लांना त्यांच्या जुन्या कादंबरीसाठी तीस लाखांचा रॉयल्टीचा धनादेश मिळाला. ती कादंबरी १९९७ ची. रायपूर इथून एका रात्रीच्या गाडीवर आहे. पलीकडे चालतं ते अलीकडे का नाही?

छपाईवाला
कारण पलीकडे हिंदी आहे. दहा राज्यांचा बाजार. त्याच वर्षी त्यांना ज्ञानपीठ जाहीर झालेलं, वर रील्सचा पाऊस. एका पुस्तकावर पुराचं पाणी चढलं म्हणजे नदी बारमाही होत नाही. किती हिंदी कादंबरीकारांना असा चेक मिळाला ते विचारा.

अर्धवट इंजिनियर
पण पूर यायला आधी पुस्तक दुकानात असावं लागतं ना? त्यांच्या प्रकाशकाने अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं पुस्तक नव्या कव्हरात, परवडेल अशा किमतीत आणून ठेवलं. मला १९९७ ची एक मराठी कादंबरी हवी होती. बर्डीवर तीन दुकानं फिरलो. "आउट ऑफ प्रिंट." शेवटी कुणीतरी पीडीएफ दिली, फोटो काढून केलेली, प्रत्येक पानावर त्याचा अंगठा.

रजिस्टरवाली
हे मात्र खरं आहे. मार्च २०२१ मध्ये नंदा खरेंच्या 'उद्या'ला साहित्य अकादमी जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं. आपल्या नागपूरचा माणूस, पूल बांधणारा इंजिनियर. त्या दोन दिवसांत वाचनालयात नऊ फोन आले, "ते पुस्तक आहे का?" आमच्याकडे एकच प्रत, तीही एका सभासदाकडे अडकलेली. आणि सोमवारपासून शहरात लॉकडाऊन. उघडल्यावर त्या नवांपैकी दोघं आले.

निळी पिशवी
म्हणजे नवी कादंबरी मागणारे नऊ जण होते. तुमचा पाचाचा आकडा इथेच मोडला.

रजिस्टरवाली
पुरस्कार नाकारला म्हणून मागत होते, दादा. कादंबरी म्हणून नाही.

निळी पिशवी
कशाने का होईना, दार उघडलं ना? तुम्ही कुलूप मोजताय.

बखरबाज
मूळ दुखणं कोणी बोलत नाही. आपण मराठीत शिडीच्या खालच्या पायऱ्या तोडल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार, तो वाचून वाढलेला पोरगा पुढे काय वाटेल ते वाचायचा, कारण पान उलटायची सवय हाताला लागलेली असायची. त्यानंतर आपण ठरवलं की 'रंजन' हा शब्द शिवी आहे. समीक्षकांनी नाक मुरडलं, मासिकं मेली, सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या बंद झाल्या. आता वीस वर्षांच्या मुलाच्या हातात थेट चारशे पानांचं अस्तित्ववादी ओझं देतो आणि तो फोनकडे वळला की वाचनसंस्कृती मेली म्हणून परिसंवाद घेतो. परिसंवादाला तेच चाळीस लोक. चहा चांगला असतो.

दोनशेवीस प्रती
माझी खाणीवरची कादंबरी तुमच्या मते ओझं का? रंजन नाही म्हणून लिहूच नये?

बखरबाज
तसं नाही म्हटलं. तुमच्या वाचकाला तुमच्यापर्यंत यायला पायऱ्या नाहीत, एवढंच.

पेन्शनर, धरमपेठ
असहमत. अर्नाळकर मीही वाचले, दिवसाला दोन. माझ्यासोबत वाचणारे बाकी सात जण त्याच पायरीवर राहिले, वर कोणी आलं नाही. ते आता संध्याकाळी मालिका पाहतात. शिडी वगैरे आपल्यासारख्या वर चढलेल्यांनी मागाहून रचलेली गोष्ट आहे. गंभीर लिखाण कायम पाच-सातशे लोकांचंच होतं. फरक इतकाच की तेव्हा ते पाचशे लोक पुस्तक विकत घेत, आता सहीची प्रत भेट मागतात. मीही मागतो. पेन्शनीत बसत नाही हे कारण सांगतो आणि तर्री पोह्यावर रोज चाळीस रुपये घालवतो.

कूलरसमोर
काका, पहिल्यांदा कोणी खरं बोललं ह्या धाग्यावर.

छपाईवाला
दिवाळी अंकांचंही कोणी बोलेना. १९०९ ला 'मनोरंजन'ने सुरुवात केली तेव्हापासून कथा लिहिणाऱ्याला वर्षातून एकदा तरी हमखास जागा होती. आज निम्मे अंक जाहिरातीवर काढतात आणि कथेचं मानधन म्हणून अंकाची प्रत पाठवतात. कथा लिहिण्यात हात बसायचा तिथेच. आता माणूस एकदम कादंबरी घेऊन येतो, पहिल्याच फटक्यात ३८० पानं. मी म्हणतो शंभर कापा. तो म्हणतो पैसे मी देतोय. मग मी काय बोलणार? संपादन हा भाग यातून असाच गेला. त्या ७१ कोऱ्या चिठ्ठ्यांचा तो अर्धा जाब माझ्याकडे येतो, मान्य.

दोनशेवीस प्रती
माझ्या कादंबरीत कोणी एक शब्दही कापला नाही. तेव्हा मला आनंद झाला होता.

रजिस्टरवाली
काल संध्याकाळी भयकथांचं कपाट पाहिलं, बखरबाजांना खोटं पाडायच्या इराद्याने. नारायण धारपांच्या पुस्तकांना चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे, एकाला चार थर. पुठ्ठा सुटलाय, सेलोटेप पिवळी पडलीय, पान ४१ ते ४८ गायब, तरी लोक नेतात. मधलं काय झालं ते एकमेकांना विचारून घेत असतील. शेवटचा शिक्का गेल्या मंगळवारचा.
पण माझं मत बदललं नाही. धारप २००८ ला गेले. नव्याचं काय, हा प्रश्न तसाच आहे.
खाणीवाले दादा, तुमची प्रत आमच्याकडे नाही. का नाही दिली?

दोनशेवीस प्रती
यादीत लागली नाही. भेट देतो ना, उद्याच आणून देतो. दोन देऊ का? दहा?

रजिस्टरवाली
भेट नको. भेटीची पुस्तकं वेगळ्या कपाटात जातात आणि त्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते सचिवांनाही माहीत नाही. मी माझ्या पैशाने एक घेते. किंमत?

दोनशेवीस प्रती
छापील ३४०. तुम्हाला २००.

रजिस्टरवाली
३४० च घ्या. आणि वाचून जे वाटेल ते इथेच लिहीन, गोड लागलं नाही तर रागवू नका.

दोनशेवीस प्रती
शंभर पानं जास्त आहेत, आधीच सांगतो.

कूलरसमोर
ताईचं वाचून झालं की मले द्या जी. फुकट पायजे.

रजिस्टरवाली
सभासद व्हा. डिपॉझिट पाचशे, महिन्याला साठ रुपये. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा.

कूलरसमोर
अरे बाप्पा.