मदत हवी आहे : फुगा दाबला तरच इंजिन पळतंय

मंडळी, मालवणहून लिहितोय. होडीचं ९.९ एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पडवीत झाकून होतं. आता दोरी दुसऱ्यांदा ओढली की सुरू होतं, आयडलला छान चालतं. पण थ्रॉटल उघडून दोन मिनिटं झाली की आचके देत बंद. गंमत म्हणजे पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहिलं तर मस्त पळतं! (एका हातात हँडल, दुसऱ्यात फुगा. जाळं काय दातांनी ओढू?)

प्लग बदलला, कार्बोरेटरचा जेट साफ केला, पेट्रोल नवं. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडाच असतो. मला संशय फ्युएल पंपाच्या पडद्यावर (पेट्रोल ओढणारा आतला लवचिक डायफ्रॅम). शेजारचे काका म्हणतात, नळी कुठेतरी हवा ओढतेय. पंप खोलण्याआधी घरीच कसं ओळखायचं?